टीप ही मेहरबानी, मजुरी हा हक्क

येरवड्यात आमच्या विहारात दर रविवारी दुपारी चार वाजता अभ्यासवर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी विषय होता महार वतन. वर्ग निम्मा झाला तेव्हा एक मुलगा भिजलेल्या टी-शर्टातच आत आला आणि मागच्या रांगेत बसला. पोरगा बी.कॉम. झालेला. सकाळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि दुपार-रात्र अॅपवरून जेवण पोहोचवतो. वर्ग संपल्यावर त्याने विचारलं, “दादा, टीप मागणं चूक आहे का?”

त्याच दुपारी काय घडलं ते त्याने सांगितलं. विमाननगरहून खराडीच्या एका सोसायटीत दोन पिझ्झा न्यायचे होते. पाऊस धो धो. गेटवर वॉचमनने गाडी बाहेर लावायला सांगितली. रहिवाशांच्या लिफ्टने जायचं नाही, मागच्या सर्व्हिस लिफ्टने जायचं. तिची वाट बघण्यात सात-आठ मिनिटं गेली. अकराव्या मजल्यावर दार उघडणारा माणूस म्हणाला, पिझ्झा गार झाला. मुलगा म्हणाला, “सर, पाऊस होता. जमलं तर थोडी टीप द्या आणि रेटिंग चांगलं द्या.” त्यावर उत्तर आलं, “डिलिव्हरीचे पैसे भरलेत ना मी? भीक कशाला मागतोस?”

तो ‘भीक’ हा शब्द त्याला लागला होता. ज्या समाजाने १९५६ नंतर मागून खाणं सोडलं, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, त्या समाजातल्या पदवीधर मुलाला दारात उभं करून कुणीतरी भिकारी म्हटलं होतं. आणि जास्त त्रास याचा होता की आपण खरोखरच मागितलं होतं, हे त्याला स्वतःलाच खटकत होतं.

वर्गात लगेच तट पडले. एक जण म्हणाला, टीप मागायचीच नाही, स्वाभिमान गहाण पडतो. दुसरा म्हणाला, स्वाभिमानाने पेट्रोल भरत नाही. एक ताई म्हणाल्या, आपण बौद्ध आहोत, दान पारमिता मानतो, देणाऱ्याने द्यावं. मला तिन्ही उत्तरं अपुरी वाटली. म्हणून हा लेख.

बिल उघडून बघू

मी त्या मुलाला त्याच ऑर्डरचा हिशोब दाखवायला सांगितला. साधारण सहा किलोमीटरच्या त्या फेरीचे त्याला ४१ रुपये मिळाले होते. त्यातूनच पेट्रोल, मोबाईलचा डेटा, गाडीची देखभाल. मग आम्ही वर्गातल्याच एकाच्या फोनवर त्याच हॉटेलची, तेवढ्याच अंतराची ऑर्डर लावून बघितली, पैसे न भरता. पदार्थांच्या किमतीखाली एकेक ओळ वाचली: डिलिव्हरी ४५ रुपये, प्लॅटफॉर्म फी १२ रुपये, पॅकिंग २० रुपये, पावसाचा जादा आकार २५ रुपये. एकूण १०२ रुपये, कर वेगळा. त्याखाली टीपसाठी तीन गोल बटणं आणि एक हसरा चेहरा.

आता तो अकराव्या मजल्यावरचा माणूस काय समजतो? आपण शंभर रुपये पोहोचवणाऱ्यासाठी भरले. म्हणजे पोराला पैसे मिळाले. तरी हा आणखी मागतो, म्हणजे लबाड. आणि पोरगा काय समजतो? मी सहा किलोमीटर पावसात आलो, हातात चाळीस रुपये आले, हा माणूस दहा रुपये सोडत नाही, म्हणजे कंजूस. दोघंही एकमेकांकडे संशयाने बघतात. ज्याने शंभर घेतले आणि चाळीस दिले, तो तिसरा दारात हजरच नसतो. भांडण उंबऱ्यावर होतं आणि हिशोब सर्व्हरवर राहतो.

प्लॅटफॉर्म फी तर ताजी गोष्ट आहे. आपल्याकडच्या दोन मोठ्या खाद्य-अॅपनी ती २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू केली. २०२५ मध्ये ती दहाच्या वर गेली. ग्राहकाने थोडी कुरकुर केली आणि भरली. पण हाच ग्राहक टीपची बटणं दिसली की म्हणतो, ‘अॅपवाल्यांनी लूट मांडली आहे, मी टीप देणार नाही.’ लूट केली कुणी आणि वसूल झाली कुणाकडून?

ग्राहकांची चार मतं

गेल्या काही महिन्यांत मी मुद्दाम हा विषय काढत गेलो. ऑफिसात, नातेवाइकांत, सोसायटीत राहणाऱ्या मित्रांत. फिरून फिरून चारच मतं ऐकू येतात.

पहिलं मत: ‘डिलिव्हरी चार्ज भरतो, मग टीप कशाला?’ ग्राहक म्हणून हा प्रश्न चुकीचा नाही. पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. तो कंपनीला विचारायला हवा: मी भरलेल्या डिलिव्हरी चार्जातून पोहोचवणाऱ्याला किती दिले, ते बिलावर छापा. अमेरिकेत डॉमिनोजच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं की डिलिव्हरी चार्ज म्हणजे चालकाला दिलेली टीप नव्हे. निदान ते तेवढं तरी सांगतात.

दुसरं मत: ‘टीप दिली की सवय लागते, मग काम नीट करत नाहीत.’ हे वाक्य मी पहिल्यांदा अॅपच्या संदर्भात ऐकलं नाही. घरकाम करणाऱ्या बाईबद्दल, शेतमजुराबद्दल, सफाई कामगाराबद्दल हेच ऐकत मोठा झालो. ‘यांना जास्त देऊ नका, माजतात.’ कष्ट करणाऱ्याच्या पोटाला जरा जास्त मिळालं की तो बिघडतो, आणि मालकाचा नफा वाढला की देश पुढे जातो. हे अर्थशास्त्र नाही, हा जातीचा संस्कार आहे.

तिसरं मत: ‘अहो, ती पोरं महिन्याला तीस-चाळीस हजार कमावतात.’ कमावत असतील काही. पण विचारा, दिवसाचे किती तास? सुट्टी किती? पेट्रोल वजा केलं का? गाडीचा हप्ता? पाय मोडला त्या महिन्याचं काय? बारा-चौदा तास गाडीवर बसून मिळालेल्या रकमेची आठ तासांच्या पगाराशी तुलना करणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणं. आठ तासांचा दिवस या देशातल्या कामगाराला फुकट मिळालेला नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात कारखान्यांत ४८ तासांच्या आठवड्याचा निर्णय झाला. आज अॅपवर तास मोजणारा कुणी नाही, कारण तिथे पोरगा ‘कामगार’ नसून ‘पार्टनर’ आहे.

चौथं मत: ‘परवडत नसेल तर सोडावं, जबरदस्ती आहे का?’ याला उत्तर द्यायला इतिहासात जावं लागेल.

वतन आणि बलुतं

महाराला गावगाड्यात काय काम होतं? सांगावा पोहोचवणं. मयताची खबर परगावी नेणं. सरकारी टपाल, वसुलाची रक्कम तालुक्याला पोहोचवणं. अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणं. म्हणजे गावाची सगळी ‘डिलिव्हरी’ आपल्या आज्या-पणज्यांच्या पायांवर चालत होती. ऊन, पाऊस, रात्र, अपरात्र असा भेद नव्हता. आणि मोबदला? थोडी वतनी जमीन, खळ्यावर उभं राहून मिळणारं बलुतं, येसकराच्या पाळीला दारोदार फिरून गोळा केलेली भाकर. काम ठरलेलं नव्हतं, तास ठरलेले नव्हते आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर होता. पीक चांगलं आलं आणि पाटील खूश असला तर दोन पेंढ्या जास्त. कपाळाला आठी असली तर हात हलवत परत. आणि जे मिळालं ते घेताना ‘जोहार मायबाप’ म्हणायचं.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाचं विधेयक आणलं ते नेमकं याच्याविरुद्ध. त्यांनी ‘शेतकऱ्यांनो, बलुतं जरा सढळ हाताने घाला’ अशी विनंती केली नाही. त्यांची मागणी होती की महारांची कामं कोणती ते ठरवा, आणि बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करून ती रक्कम सरकारमार्फत वसूल करून द्या. देणाऱ्याच्या दारात उभं राहण्याचीच गरज संपवा. त्या विधेयकाला तेव्हा यश आलं नाही, आणि मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. पण मुद्दा १९२८ मध्येच मांडून झाला होता: ज्याचा मोबदला दुसऱ्याच्या खुशीवर ठरतो, तो माणूस मोकळा नसतो.

‘परवडत नसेल तर सोडावं’ हे तेव्हाही म्हटलं जात होतं. वतन सोडा म्हणणं सोपं होतं, पण सोडून खायचं काय, याचं उत्तर गावाने कधी दिलं नाही. आजचा पोरगा अॅप सोडेल, पण त्याची बी.कॉम.ची पदवी कुठे चालते? सरकारी भरती रखडली, राखीव जागांचा अनुशेष साचला, खाजगी नोकरीत आरक्षण नाही. दार एकच उघडं ठेवायचं आणि म्हणायचं, तू तुझ्या मर्जीने आत आलास.

आता रेटिंगकडे बघा. पाच चांदण्यांपैकी किती द्यायच्या हे ग्राहकाच्या हातात. त्याला कारण द्यावं लागत नाही. पिझ्झा हॉटेलने उशिरा बनवला, लिफ्ट सोसायटीने अडवली, पाऊस आभाळातून पडला, आणि चांदणी कापली गेली पोराची. पाटलाच्या कपाळावरची आठी आता अॅपवर आली आहे. फरक एवढाच की पाटील ओळखीचा होता.

पिझ्झा आला तिथली गोष्ट

कुणी म्हणेल, टीप ही तर पाश्चात्त्य पद्धत आहे, तिचा जातीशी काय संबंध? मग जिथून पिझ्झाची ही घरपोच संस्कृती आली त्या अमेरिकेचाच इतिहास बघू. तिथे यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली. पुलमन नावाच्या कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत प्रवाशांची सेवा करायला मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय माणसं नेमली, त्यात नुकतेच मुक्त झालेले गुलामही होते. पगार अगदी तुटपुंजा, बाकी प्रवाशाच्या टीपवर. गणवेश आणि बुटाचं पॉलिश यांचा खर्च त्यांच्याच कमाईतून. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारत नसत, मालक जॉर्ज पुलमनच्या नावावरून सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, जसं गुलामाला मालकाच्या नावाने ओळखलं जाई. टीप मिळवायची तर हसतमुख राहावं लागे.

त्या माणसांनी काय केलं? ‘प्रवाशांनो, टीप वाढवा’ अशी मोहीम काढली नाही. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. पगार वाढला, महिन्याचे कामाचे तास २४० वर आले. हाच रँडॉल्फ पुढे १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचा एक प्रमुख संघटक होता. कामगार म्हणून उभी राहिलेली माणसंच नागरिक म्हणूनही उभी राहिली.

ज्यांची अशी संघटना झाली नाही त्यांचं काय झालं, तेही तिथेच दिसतं. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं किमान रोख वेतन अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर अडकलं आहे. काही राज्यांनी ते वाढवलं, पण केंद्राचा आकडा हलला नाही. टीप आणि हे वेतन मिळून सर्वसाधारण किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा, असं कायदा म्हणतो. म्हणजे ग्राहकाची टीप आधी मालकाची जबाबदारी हलकी करते. टीपवर सगळी भिस्त ठेवली की हे होतं.

आणखी एक गोष्ट तिथलीच. ‘तीस मिनिटांत पिझ्झा’ या हमीने घाई करणाऱ्या चालकाच्या अपघातात एक बाई जखमी झाली. १९९३ मध्ये सेंट लुईसच्या ज्युरीने डॉमिनोजविरुद्ध सात कोटी डॉलरपेक्षा जास्त भरपाई ठरवली, आणि त्याच वर्षी कंपनीने अमेरिकेत ती हमी बंद केली. आपल्याकडे मात्र ‘तीस मिनिटांत, नाहीतर फुकट’ ही जाहिरात त्यानंतर वर्षानुवर्षं चालली, आणि पुढे किराणा दहा मिनिटांत पोहोचवण्यापर्यंत मजल गेली. तिथे माणसाचं हाड मोडलं की कंपनीला किंमत मोजावी लागली. इथे हाड स्वस्त आहे.

शुद्ध डबा, वेगळी लिफ्ट

आपल्याकडे यात विटाळाची भर आहे. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने ‘शुद्ध शाकाहारी’ ग्राहकांसाठी वेगळा ताफा, वेगळा हिरवा गणवेश जाहीर केला. टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला गेला. लाल गणवेशातल्या मुलांना काही सोसायट्या आत येऊ देणार नाहीत, हा धोका तेव्हा कंपनीच्या प्रमुखांनीच मान्य केला. गणवेश मागे घेतला, पण वेगळा ताफा ठेवला. लक्षात घ्या, ही मागणी ग्राहकांची होती असं कंपनीनेच सांगितलं. ग्राहक राजा आहे असं म्हणतात. ग्राहक सवर्ण असेल तर राजाला सोवळंही पाळायचं असतं.

म्हणून त्या मुलाची सर्व्हिस लिफ्टमध्ये गेलेली सात-आठ मिनिटं मला टीपपेक्षा महत्त्वाची वाटतात. ज्या हाताने आणलेलं अन्न चालतं, त्या हाताच्या माणसाबरोबर लिफ्ट चालत नाही. आणि त्या उशिराचा दंड त्यानेच भरायचा. वीस रुपयांच्या टीपने हा हिशोब मिटत नाही.

आपल्या घरात काय चाललंय?

आता थोडं आपल्याबद्दल. आरक्षणाच्या बळावर आपल्यातलेही बरेच जण फ्लॅटमध्ये गेले. चांगलंच झालं. १४ एप्रिलला मिरवणुकीहून थकून आल्यावर आपणही पिझ्झा मागवतो. त्या दिवशी ऑर्डर जास्त असतात, इन्सेन्टिव्ह लागतो, म्हणून वस्तीतली पोरं जयंतीची मिरवणूक सोडून गाडीवर असतात. मग निळा फेटा बांधलेला एक भीमसैनिक दार उघडतो आणि गाडीवर उन्हाने करपलेल्या दुसऱ्या भीमसैनिकाला विचारतो, ‘एवढा उशीर का?’ हे मी ऐकलेलं आहे. एकदा माझ्याच तोंडून निघालेलं आहे. तेव्हा हा लेख दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी नाही.

आणि दानाबद्दल. त्या ताईंचा मुद्दा मी हलका समजत नाही. दान ही देणाऱ्याच्या मनातली आसक्ती कमी करणारी गोष्ट आहे. पण ज्याने काम केलं त्याला त्याचे पैसे देणं हे दान नाही, ते देणं आहे. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला केलेल्या उपदेशात मालकाची कर्तव्यं सांगितली आहेत: झेपेल एवढंच काम देणं, अन्न आणि वेतन देणं, आजारपणात काळजी घेणं, वेळेवर सुट्टी देणं. तिथे हे मालकाचं कर्तव्य आहे, मालकाची करुणा नाही. धम्माचा दाखला द्यायचाच असेल तर हा द्या.

मग करायचं काय?

टीप द्यायची का? द्या. पाऊस असेल, रात्र असेल, जिने असतील तर नक्की द्या, आणि दारात हातात द्या. पण देताना आपण मायबाप झालो असं समजू नका. पोरांनो, मिळाली तर घ्या, त्यात लाज नाही. पण तिच्यावर घर चालवू नका आणि तिच्यासाठी मान खाली घालू नका. काम होण्यासाठी आधीच टीप लावायला सांगणाऱ्या पद्धतीला तर दोघांनीही नकार द्या. मे २०२५ मध्ये उबरच्या अशाच आगाऊ टीपबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली होती. टीप आधी आली की ती बोली होते, आणि ज्याच्या खिशात जास्त त्याचं काम आधी.

हॉटेलने बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये असं याच प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. ग्राहकाचं रक्षण झालं, उत्तम. आता वाढणाऱ्याचं आणि पोहोचवणाऱ्याचं रक्षण कोण करणार?

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, पण ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तीत कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीला द्यायची तरतूद आहे, आणि त्यालाही कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. किमान मजुरीबद्दल तीत गिग कामगाराला काही मिळत नाही. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाने २०२५ मध्ये केला, त्यात प्रत्येक व्यवहारामागे कामगाराच्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के कल्याणशुल्क आहे, आणि काढून टाकण्याआधी लेखी कारण व १४ दिवसांची नोटीस आहे.

महाराष्ट्राला तर बाहेर बघायचीही गरज नाही. ज्याला एक ठरलेला मालक नाही अशा कामगाराला हक्क कसे द्यायचे, हे १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखवून दिलं आहे. हमालाची नोंदणी मंडळाकडे, मजुरीवर मालकांकडून लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस, दवाखाना. हमालाला दुकानदाराच्या खुशीवर सोडलं नाही. मग मोबाईलवर हमाली करणाऱ्याला का सोडायचं?

आमच्या अभ्यासवर्गाने मागण्या लिहून काढल्या आहेत. बिलावर पोहोचवणाऱ्याला मिळणारी रक्कम छापा. किलोमीटर आणि थांबण्याचा वेळ धरून किमान दर ठरवा. ग्राहकाकडून पावसाचा, रात्रीचा जादा आकार घ्याल तर तो पूर्ण कामगाराला द्या. रेटिंगवरून आयडी बंद करण्याआधी त्याचं म्हणणं ऐका. आणि सोसायट्यांनी लिफ्टवरच्या पाट्या काढा. शेवटची मागणी सरकारकडे नाही, आपण राहतो त्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत ती आपणच मांडायची आहे. तिथे हात वर करायला आपल्यातला कोण उभा राहतो, ते बघू.

२५ आणि ३१ डिसेंबर २०२५ ला देशभरातल्या गिग कामगारांच्या संघटनांनी संप पुकारला, तेव्हा आपल्या किती संघटना पाठिंब्याला उभ्या होत्या? १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू आहेत असं सांगितलं. आपण पहिल्यावर रोज बोलतो, दुसऱ्यावर सवडीने. डिलिव्हरीच्या बॅगेत मात्र दोन्ही एकत्रच भरलेले असतात.

त्या मुलाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. तू टीप मागितलीस यात तुझी चूक नाही. ज्या हिशोबाने तुला मागायला लावलं तो हिशोब चुकीचा आहे. पुढच्या रविवारी ये, आणि तुझ्याबरोबर गाडीवर असणाऱ्या चौघांना घेऊन ये. वतनाचा विषय अजून संपलेला नाही.

जय भीम!